वस्तरा कुणाच्या हातात

आमच्या बाबांच्या तोंडून "दुखतंय" हा शब्द कधी ऐकायला मिळाला नाही. कात्रीने बोट कापलं तरी ते तुरटी लावणार आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणणार. मला या गोष्टीचा अभिमान होता आणि तितकाच रागही यायचा. माणसाने मुकाट सोसायचं म्हणजे किती सोसायचं?

मग मणक्याचं ऑपरेशन झालं. टाके सुकले, एक्स-रे स्वच्छ आले, सर्जन खूश झाले आणि बाबांचा डावा पाय मात्र कंबरेपासून तळव्यापर्यंत पेटलेलाच राहिला. अंगावरची चादर लागली तरी भाजायचं. झोप उडाली. दुकानात एका डोक्याचे केस कापून होईपर्यंत ते खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे असायचे. शेवटी त्यांनी वस्तरा माझ्या हातात दिला. "तात्पुरता," म्हणाले. मी दुकानात त्यांच्या शेजारी केस कापतच होते, पण गिऱ्हाइकाची दाढी त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाला करू दिली नव्हती.

मुलगी दाढी करते हे पचनी पडायला गिऱ्हाइकांना वेळ लागला. हळूहळू सगळे वळले, एक पोस्टमास्तर सोडून. निवृत्त माणूस, वेळच वेळ. "माझ्या गालाला फक्त तुझ्या बाबांचं पातं लागेल," असं म्हणून ते चक्क दाढी वाढवून बसले. रोज सकाळी बाकावर पेपर वाचायचे आणि ती दाढी माझ्या नाकासमोर वाढत राहायची. मी वरवर हसायचे आणि आतून दात-ओठ खायचे.

सर्जननी आम्हाला पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे फक्त दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्या, पण धीर दांडगा. पहिल्याच भेटीत त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"परत वस्तरा धरायचाय," बाबा म्हणाले. "बाकी काही नको."

नसांच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. त्यांनी पाय जरा शांत झाला, पण बाबा उभ्या उभ्या पेंगायला लागले. हातात पातं आणि डोळ्यांवर झापड, हे आमच्या धंद्यात चालत नाही. इंजेक्शनने काही आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच रडगाणं. व्यायाम ते मन लावून करत. दुखण्यासोबत कसं जगायचं हे शिकवणाऱ्या एक ताई होत्या, त्यांचं नाव काढताच "मला काय वेड लागलंय?" म्हणाले, तरी गेले, आणि येताना ताईंच्या मुलाचे केस कापायचं ठरवून आले. चाकांचं उंच स्टूल वापरा म्हटल्यावर मात्र भडकले. "मी बसून काम करायचं, मग गिऱ्हाइकाने काय उभं राहायचं?"

शेवटचा उपाय राहिला तो वायरचा. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या जवळ एक बारीक वायर सरकवायची आणि तिला बॅटरीतून हलका करंट द्यायचा. पायाकडून दुखण्याचा निरोप निघतो, तो मेंदूपर्यंत पोचताना वाटेत फिका पडतो. "हा इलाज नव्हे," डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. "दुखण्याचं मूळ तिथेच राहतं. काहींना खूप आराम पडतो, काहींना काडीचा नाही. वायर सरकू शकते, जखम चिघळू शकते, बॅटरी कधीतरी बदलावी लागते. म्हणून आधी चाचणी. वायर आत, बॅटरीचा डबा बाहेर कंबरेला. काही दिवस घरी वापरून बघा. खरोखर फरक पडला, तरच कायमची बसवू."

चाचणी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईची किंकाळी ऐकू आली. मी धावले. उन्हं अंथरुणावर आली तरी बाबा गाढ झोपलेले आणि आई त्यांच्या नाकापुढे बोट धरून उभी. "अहो! अहो, ऐकताय ना?" बाबांनी डोळे उघडले. "झोपू दे की गं," म्हणाले. आई तिथेच पलंगाच्या कडेला बसून हुंदके देत रडली आणि रडता रडता हसली. किती दिवसांनी बाबा असे झोपले होते!

मग ते दुकानात आले. डबा शर्टाखाली. कंबरेत वाकायचं नाही, अशी ताकीद होती. उभं राहून केस कापायला परवानगी होती आणि त्यांनी ते असे झरझर कापले की माझीच छाती फुगली. तेवढ्यात पोस्टमास्तर उठले, थेट खुर्चीत बसले आणि दाढी पुढे केली. मी म्हटलं, "बाबा, वाकायचं नाहीये." "हे वाकणं नाही, झुकणं आहे," बाबा म्हणाले. यावर कोण काय बोलणार!

कात्रीने दाढी उतरवली, फेस लावला, उजवा गाल झाला. हनुवटीखाली जायला बाबा झुकले आणि एकदम करंटचा जोर वाढला. त्यांचा पाय जागच्या जागी उडाला. पण हात? हात त्याआधीच वर गेला होता. पातं गालापासून दूर, हवेत स्थिर. पोस्टमास्तरांना कळलंसुद्धा नाही. मला आरशात सगळं दिसलं.

बाबांनी वस्तरा माझ्यापुढे धरला. "पुढचं तू कर."

अर्धी दाढी उतरलेला माणूस उठून जाणार कुठे? पोस्टमास्तर डोळे घट्ट मिटून बसले. मी बाकीची दाढी केली. झाल्यावर त्यांनी आरशात पाहिलं आणि "छान" म्हणाले.

आमच्या धंद्यात या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. कल्ले खालीवर झाले तरी गिऱ्हाईक आरशात बघून छानच म्हणतं, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातं. बाबांनी मला पहिला धडा हाच दिला होता: तोंड ऐकू नकोस, मान बघ. पोस्टमास्तर गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "खरं बोलले. मान सैल होती."

चाचणी संपली, आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं काय?"

"छान," बाबा म्हणाले. "एकदम छान."

मी त्यांच्या मानेकडे पाहिलं. नुसता दगड. डॉक्टरीणबाईंनी इतकी मेहनत घेतली, आता त्यांना नाराज कसं करायचं, म्हणून हा माणूस खुर्चीतल्या गिऱ्हाइकासारखा बोलत होता! माझं डोकंच फिरलं.

"बाबा, तुम्ही आत्ता गिऱ्हाईक झालात," मी म्हटलं. "झटक्याचं सांगा. नाहीतर मी सांगते."

ते माझ्याकडे रागाने बघत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "सांगितलं तर वायर नाही म्हणतील. झोप परत जाईल." आणि मग सगळं सांगितलं. झोप लागत होती, चालताना, उभं राहताना दुखणं निम्म्याहून कमी झालं होतं. झुकलं की मात्र झटका.

"बरं झालं बोललात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झुकताना वायर आणि मज्जारज्जू यांतलं अंतर बदलतं, म्हणून करंट एकदम जोरात जाणवतो. सेटिंग बदलता येतं, करंटने पायात मुंग्या येत नाहीत असाही एक प्रकार आहे, तो करून बघू. त्रास बहुतेक कमी होईल. पण कधीच झटका बसणार नाही, असं मी सांगू शकत नाही. आणि वस्तरा तर तुमच्या हातात असतो."

ज्या एका गोष्टीसाठी बाबा इथे आले होते, तीच मिळणार नव्हती. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

"बसवा," शेवटी बाबा म्हणाले. "मला झोपायचंय. उभं राहायचंय. दुसऱ्याच्या गळ्याशी जुगार मी खेळणार नाही. आणि ते स्टूल कुठे मिळतं तेही सांगा."

चाचणीची वायर काढून आम्ही दुकानात परतलो तेव्हा बाक भरलेला होता. पोस्टमास्तर होतेच. पायाची आग पुन्हा सुरू झाली होती, बाबांच्या आवळलेल्या जबड्यावरून ते मला कळत होतं.

"ऐका," बाबा सगळ्यांना म्हणाले. "ऑपरेशन ठरलं. केस कापायला मी परत येणार. दाढी मात्र यापुढे हीच करणार."

पोस्टमास्तरांनी पेपर खाली केला. "म्हणजे तुम्हाला आता जमणार नाही म्हणून का?"

"तेही आहे," बाबा म्हणाले. "पण हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. माझा पाय धड असता तरी हिचाच चांगला असता. इतके दिवस बघतोय मी. बोललो नाही, कारण मला ते सोसत नव्हतं."

मी हातातला टॉवेल उगाच झटकत राहिले.

बाबा मधल्या खुर्चीत जाऊन बसले. जन्मभर त्यांनी आपली दाढी आपल्याच हाताने केली होती. दुसऱ्याच्या पात्यापुढे कधी गळा धरला नव्हता. त्यांनी डोकं मागे टेकवलं आणि कॉलरचं बटण सोडलं.

"नवीन पातं घाल," म्हणाले.

मी नवीन पातं घातलं, ब्रश फिरवून फेस केला आणि डोळे बाहीने पुसून घेतले, कारण भरल्या डोळ्यांनी दाढी करायची नसते. मग सगळ्या दुकानासमोर मी माझ्या बाबांची दाढी केली.