कोरडी फरशी

गावात सरकारी बालवाड्या दोनच. एक स्वच्छतेच्या तपासणीत पहिल्या नंबरची आणि दुसरी बाजारामागची, म्हणजे आपोआप शेवटच्या नंबरची. कपडे शिवून घर चालवणाऱ्या शिवणवालीने मुलीला पहिल्या नंबरच्या बालवाडीत घालायचं म्हणून नणंदेच्या विनवण्या केल्या. नणंदेने शब्द टाकला, आणि मग तो उपकार गावभर मिरवला.

महिन्याभरात मुलीने सकाळचं पाणी पिणं सोडलं. पेला पुढे केला की ओठ घट्ट. दुपारी घरी आली की चप्पल न काढता मोरीकडे धावायची, तरी बऱ्याचदा दारातच चड्डी ओली. लघवी फार दाबून धरते, जळजळ त्यामुळेच, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिवणवालीने बालवाडीत विचारलं, तर बाई गोड हसल्या. तुमचीच जरा हट्टी आहे म्हणाल्या.

तपासणीला पालकांनाही बोलावणं होतं. साहेब स्वच्छतागृह बघून खूश झाले. लहान मुलं वापरतात असं वाटतच नाही म्हणाले, तशी बाईंची मान ताठ झाली. शिवणवालीने आत डोकावलं. फरशी कोरडी ठणठणीत, साबणाची वडी अजून कागदातच. तिने मुलीचा हात धरून आत न्यायला बघितलं, तर पोर पाय रोवून उभी.

"तिथं नाही जायचं," ती हळूच म्हणाली. "ते साहेबांचं आहे. आम्ही घरी जाऊन करायची."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मुलं काय, वाट्टेल ते बोलतात, म्हणत बाईंनी दाराला कुलूप घातलं. नंबर पहिलाच राहिला. शिवणवालीला शिसारी आली. त्या लखलखाटाची, त्या गोड हसण्याची, आणि या जागेसाठी आपण नाक घासलं त्याचीही. तिने मुलीचं नाव तिथून काढून घेतलं.

"वहिनी, माझ्या शब्दाची माती केलीस," नणंद म्हणाली.

"तुमच्या शब्दापायी पोरगी तहानलेली राहते," शिवणवाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन बाजारामागच्या बालवाडीत गेली. स्वच्छतागृहाच्या दारातच भपकन वास आला. फरशी ओली, तिच्यावर चिखलाची इवली पावलं, आणि आतून एक पोरगं शी झाली म्हणून ओरडत होतं. मदतनीस बादली घेऊन धावली. शिवणवालीने नाक दाबलं.

"आई, इथं आम्ही जायचं?" मुलीने विचारलं.

शिवणवालीने हो म्हणून मान हलवली. मुलीने पिशवीतली बाटली काढली आणि ती तिथेच उभ्याउभ्या गटागटा पाणी प्यायली.