रिकामा रकाना

गुणाबाईनं भरली घागर शाळेच्या ओट्यावर टेकवली, डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि आत पोरं कशाला एवढी खिदळताहेत म्हणून दाराशी थांबली.

भैयाजी गुरुजींनी फळ्यावर बैलांची यादी लिहिली होती. वर तीन शब्द होते, नाव, रंग आणि मालक. खाली एकेक बैल. उभ्या रेघा मात्र त्यांनी मुद्दामच मारल्या नव्हत्या. चंदा छडी धरून वाचत होती.

"मोत्या. रंग पांढरा. मालक सादिक. सर्ज्या. रंग बाबूभाई..."

"माह्या अब्बाच्या रंगाचा बैल!" नसीम ओरडली, आणि पोरं पुन्हा लोळायला लागली.

गुरुजीही मनसोक्त हसले. मग चंदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चंदाची चूक नाही. सर्ज्याचा रंग मला ठाऊक नव्हता, म्हणून मी लिहिला नाही. वर लबाडी अशी केली, की पुढचा शब्द ओढून मागं आणला. जागा रिकामी असली तरी रकाना असतोच, पोरांनो. शब्द दिसला की लगेच वाचायचा नाही. तो कोणत्या घरातला, हे आधी विचारायचं."

त्यांनी दोन उभ्या रेघा ओढल्या, बाबूभाईंना पुसून पलीकडच्या घरात बसवलं. मधली जागा मोकळी राहिली.

गुणाबाई पोरांबरोबर हसत होती. त्या मोकळ्या जागेकडे बघता बघता तिचं हसू थांबलं. घागर रांजणात न ओतताच ती घराकडे वळली.

ती परतली तेव्हा शाळा सुटली होती. गुरुजी फळा पुसत होते. तिनं बांबूच्या नळीतून कागदाची एक घडी काढली आणि मेजावर न ठेवता त्यांच्या हातातच दिली.

"हे वाचून द्या जी. लटारू गाडीवानानं वाचलं होतं, तुमी फिरून वाचा."

सात वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक पोरगा, मुखरू, भामरागडकडच्या जंगलात बांबू तोडायला गेला होता. उन्हाळ्याच्या अखेरीस तिथल्या मजुरांत पटकीची साथ आली. ठेकेदाराच्या मुनशीनं मजुरांची यादी करून तिच्या नकला गाडीवानाबरोबर गावोगाव धाडल्या. लटारू गाडीवान चौथी शिकलेला. त्यानं गाडीतूनच वाचलं, "मंगरू, वारला. मुखरू, वारला." यादीत या गावचा मुखरू एकटाच, म्हणून कागद गुणाबाईच्याच पदरात पडला. पुढं पावसानं वाटा तुटल्या. तिनं पोराचं दहावं केलं. तेव्हापासून भामरागडच्या वाटेवरच्या विहिरीचं पाणी तिनं सोडलं होतं. दिवाळीनंतर त्या वाटेनं बांबू तोडणारी माणसं येत-जात, आणि त्यातलं एकेक तोंड बघणं तिला जमत नव्हतं.

गुरुजींनी कागद उजेडाकडे धरला. नंबर, नाव, बापाचे नाव, शेरा, असं वर लिहिलेलं. खाली रेघा नव्हत्या. मुनशीनं एका शब्दाला दुसरा शब्द खेटून लिहिला होता.

"हा लच्छू," ते बोट सरकवत म्हणाले. "बाप बुधा. शेरा, घरी गेला. त्याखाली मंगरू. याच्या बापाचं नाव मुनशीला ठाऊक नसावं. एकदम शेराच आला आहे. वारला." बोट खालच्या ओळीवर गेलं आणि तिथंच थांबलं.

"अन् मुखरू?"

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. ते या गावात दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. गुणाबाईला त्यांनी विधवा म्हणूनच पाहिलं होतं.

"बाई, मुखरूच्या बापाचं नाव काय?"

गुणाबाईनं पदर पुढं ओढला. "नाव कसं घेऊ जी? माह्या मालकाचं हाय."

"मग नाव सांगायला कोणाला बोलावू?"

तिनं मानेनंच नको म्हटलं.

"मी आधी वाचलं, तर तुम्हाला तेच ऐकू येईल," गुरुजी हळू म्हणाले. "लटारूचं ऐकू आलं होतं तसं. तुम्ही आधी सांगा. मग मी वाचतो."

बाहेर ओट्यावर घागरीतून थेंब थेंब पाणी झिरपत होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांना 'आयकलं का जी' म्हणत आली होती. ते गेल्यावरही ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. तिनं चुंबळ दोन्ही मुठींत दाबली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"वारलू," ती म्हणाली.

मग, कुणी अडवलं नाही हे बघून, पुन्हा, "वारलू हाय त्याच्या बापाचं नाव."

गुरुजींनी मेजावरची पट्टी घेतली आणि पेन्सिलीनं तीन उभ्या रेघा ओढल्या. तिचं बोट धरून मंगरूच्या ओळीवर ठेवलं. "इथं शेवटी उभा दांडा आहे, बघा. वारला. आता खाली या. इथं दांडा नाही, अक्षराच्या पायाशी शेपटी आहे. वारलू. हे घर बापाचं आहे, बाई."

"अन् त्याच्या पुढं?"

"पुढं काही नाही. शेरा रिकामा."

"म्हंजे?"

"म्हणजे ज्या दिवशी हे लिहिलं, त्या दिवशी तो होता. एवढंच." मग ते म्हणाले, "त्यानंतरचं या कागदाला ठाऊक नाही."

"सात वर्सं झाली जी."

"हो."

गुणाबाईनं त्या रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. लच्छूच्या ओळीशी येऊन तिनं विचारलं, "इथी 'घरी गेला' लिवलं म्हणता ना?"

"हो."

"'घरी आला' लिवाले किती जागा लागंल?"

गुरुजींनी बोटाची दोन पेरं रिकाम्या जागेवर ठेवून पाहिलं. "मावेल."

ते पेन्सिल उचलू लागले तशी तिनं कागद ओढून घेतला.

"तुमी नका लिवू."

घडी करून तिनं कागद नळीत सरकवला. मग पोरं बसतात त्या तरटपट्टीवर, अगदी पुढं, मांडी घालून बसली.

"तेवढंच शिकवा मले," ती म्हणाली.

गुरुजींनी पाटी तिच्यापुढं ठेवली आणि 'घ' काढला.