कीलीची चौथी श्रेणी

परीक्षा घेणाऱ्यांनो, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरं कुलपात ठेवता. पोरांच्या हातात एक छापील कागद कोंबून त्यांना दाराबाहेर काढता, आणि त्याला निवड म्हणता!

इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या केंद्रात मेडिकलची प्रवेश-परीक्षा देऊन कीली ऑग्डेन तोच कागद घेऊन बाहेर आली. मम्मी गाडीत बसून चिप्स खात होती.

"काय गं, मढ्यासारखं तोंड करून आलीस?"

"गणित, तर्क सगळं छान गेलंय. पण वागणुकीच्या भागात चौथी श्रेणी आलीय. शेवटची."

"एवढंच ना? मग रडतेस कशाला?"

"मम्मी, चौथी श्रेणी दिसली की बरीच मेडिकल कॉलेजं मुलाखतीला बोलवतच नाहीत. बाकीचा अर्ज वाचतही नाहीत. आणि परीक्षा परत पुढच्या वर्षीच."

मम्मीच्या हातातली चिप तशीच राहिली. "वागणुकीत? तू? दोन वर्षं दर शनिवारी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं गू-मूत काढतेस ती तू? कुठल्या गाढवानं काढला हा पेपर?"

कीलीला एक प्रश्न आठवत होता. डॉक्टरांनी विद्यार्थ्याला तातडीनं फाइल आणायला धाडलंय, वाटेत एक रुग्ण रडतोय. त्याच्यापाशी बसणं कितपत योग्य? तिनं 'अगदी योग्य' दाबलं होतं. ती तेच तर करायची. ते चुकलं? की दुसरंच काही? कुणी सांगणार नव्हतं. कदाचित चूक उत्तरात नसेल, तिच्यातच असेल.

शनिवारी ती कामावर गेली. क्लेग आजोबा खिडकीशी बसून रडत होते. त्याच वेळी सहा नंबरच्या खोलीतली घंटा वाजली. एरवी तिनं आत डोकावून "आलेच हं आजोबा, पळून जाऊ नका" म्हटलं असतं, मग ती घंटेकडे धावली असती आणि परत येऊन त्यांच्यापाशी बसली असती. आज पाय हलेनात. अगदी योग्य, की थोडंसं योग्य, की अयोग्य?

"पोरी, दारात का उभी? भूत पाहिलंस का माझं?"

घंटा वाजतेच आहे. आजोबा हात पुढे करून बसलेत. सतरा वर्षांची पोर चौकटीला धरून उभी आहे, कारण माणसाशी कसं वागावं ते तिला येत नाही असा शिक्का तुम्ही मारलात.

मग काढा ते कुलूप. तिनं आधी कुणाकडे जावं? तुमच्या कुलपातल्या कागदावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा.