‘डी’च्या पानावरचा दुसरा अर्थ

मी कुंभार पिंपळगावचा एकुलता एक इंग्रजी-मराठी शब्दकोश बोलतोय. पुठ्ठा फाटलाय म्हणून हसू नका. निजामाच्या राज्यात या अख्ख्या गावात धड इंग्रजी कळणारा मी एकटाच होतो. नरहर मास्तरांना जे काही कळायचं, ते माझ्याच जिवावर.

जन्म पुण्याच्या छापखान्यातला. मास्तरांनी मला घेतलं जालन्याच्या बाजारात. शाळेचा कारभार उर्दूत, घरात मराठी. इंग्रजीचं काम वर्षाकाठी चारदा निघायचं. एरवी मास्तरीणबाई, म्हणजे रमाबाई, पापड वाकडे होऊ नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवायच्या. मी कधी तक्रार केली नाही.

माझी ‘डी’ची पानं म्हणजे नुसती उतरती कळा. ‘डिक्लाइन’ म्हणजे उतरणे, ‘डिक्रीज’ म्हणजे घटणे, ‘डिजेक्ट’ म्हणजे हिरमुसला करणे. पानं रडकी असली तरी माझा स्वभाव तसा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षी शेजारची मैमूना नवऱ्याशी भांडून माहेरी आली होती. नवरा ख्वाजामियाँ जालन्याला, कापूस दाबून गाठी बांधायच्या यंत्रावर कामाला. “त्यो सोता न्यायला येईल, तवाच जाईन,” असं ती सगळ्या आळीला सांगून बसली होती. तीन महिने झाले, तो काही आला नाही.

एका सकाळी त्याच्या कारखान्यातून चिठ्ठी आली. तिथला बाबू मद्रासी. त्याला आपल्याकडचं बोलता यायचं, पण लिहायचा तो इंग्रजीतच. मैमूना आणि तिचे अब्बा इब्राहीमचाचा चिठ्ठी घेऊन मास्तरांच्या ओसरीवर आले. मजकूर एवढाच होता: ‘ख्वाजामियाँ डिप्रेस्ड. सेंड वाइफ.’

बायकोला पाठवा, हे मास्तरांना कळलं. अडलेल्या शब्दासाठी त्यांनी मला उघडलं. तो नेमका पानाच्या तळाशी होता. ‘१. दाबलेला, दडपलेला.’ मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय लिवलंय मास्तर?”

“पोरी, ख्वाजामियाँ दाबला गेलाय.”

गाठी दाबायच्या यंत्रावरचा माणूस! मग दुसरा अर्थ कुणाला सुचणार? अहो, पण तो होता! पान उलटलं की पहिलीच ओळ! माझा जीव नुसता तुटत होता, पण पान उलटायला मला हात कुठे आहेत?

“या अल्ला! अब्बा, गाडी जुंपा, जल्दी!” मैमूना तशीच अनवाणी धावली.

बैल जुंपेपर्यंत रमाबाई बाहेर आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं मराठी यायचं. बोटाला थुंकी लावून त्यांनी पान उलटलं आणि वाचलं: ‘२. खिन्न, उदास, मन खचलेला.’

“अहो, मास्तर म्हणवता आन् अर्धंच वाचता?” असं म्हणून त्या मला काखेत मारून रस्त्यावर धावल्या. “मैमूना, थांब गं! दाबला न्हाई त्यो! उदास होऊन बसलाय नुस्ता!”

मैमूना गाडीतच ढसाढसा रडली आणि रडता रडता हसायला लागली. इब्राहीमचाचांनी कासरा ओढला. “मंग सोडू का बैल? उदासच तर हाय. येऊ दे त्यालाच न्यायला.”

मैमूनानं डोळे पुसले. “न्हाई अब्बा, हाका गाडी. उदास हाय म्हणजी काय कमी लागलंय का त्याला?”

गाडी वेशीबाहेर दिसेनाशी झाली. मास्तर दिवसभर रमाबाईंची नजर चुकवत होते.

आता निजामाचं राज्य गेलं. मास्तरांना चष्म्यातूनही माझी अक्षरं दिसत नाहीत, आणि मी फडताळात पडून आहे. नवे कोश येतील, येऊ देत. माझं मागणं एकच आहे. छापणाऱ्यानं दाबलेल्या अंगाला पहिला नंबर दिला आणि खचलेल्या मनाला दुसरा. मैमूनानं मात्र दोन्हींसाठी गाडी सारखीच पळवली. कुणाजवळ दौत-टाक असेल, तर माझे ते दोन आकडे तेवढे खोडून टाका.