मापाच्या वरची धार

आपला डावा हात कशाकशाला लागतो, हे तो रुसल्याशिवाय माणसाला कळत नाही. अंबादासचा रुसला तो होळीच्या सुमाराला. सकाळी चहाचा कप उचलायला गेला आणि कप जागचा हलेना. कप जड झालाय असं त्याला वाटलं. खरं तर बोटंच मिटत नव्हती. बायकोने, अलकनंदाने, ऑटो थांबवून त्याला दिल्लीच्या हिंदूराव इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पाय परत मिळवून दिला, वाकडं झालेलं तोंड सरळ केलं. हात हळूहळू येईल म्हणाले, त्याच्याशी बोलत राहा.

"हाताशी काय बोलायचं?" अंबादासने जड जिभेने बायकोला विचारलं.

"माझ्याशी तरी कुठं बोलता? हाताशीच बोला," अलकनंदा म्हणाली. वॉर्डातले शेजारचे सरदारजीसुद्धा हसले. त्यांना मराठी येत नव्हती, पण बायकोचा सूर सगळीकडे सारखाच असतो.

अंबादासची हयात पाण्यावर गेली होती. तरुणपणी दाभोळच्या खाडीत माणसं पलीकडे पोचवायची, पुढे दिल्लीला आल्यावर यमुनेवरच्या एका बोट क्लबात मोटरी सांभाळायच्या. मग देशात नव्या कंपन्यांचा सुकाळ झाला. पुण्याच्या एका कंपनीने नोएडात ऑफिस थाटलं. नवे पूल बांधायच्या आधी नदीचा तळ मोजून द्यायचा, हे तिचं काम. त्यांना बोटवाला हवा होता, आणि तो मराठी निघाला म्हणून तिथल्या परीक्षित साहेबांना आनंद झाला. साहेब म्हणजे पस्तिशीचा पोरगाच, पण नदीला मान देणारा.

अंबादास आजारी पडायच्या थोडंच आधी कंपनीने परदेशी बनावटीची नवी मोटर आणली होती, फोर-स्ट्रोक. बोटीच्या मागच्या फळीला टांगायची, पण जुन्या मोटरींसारखी नव्हे. जुन्या मोटरीत पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, ते जळून जायचं, मागे निळा धूर. हिचं तेल वेगळं, पोटात राहणारं, गाडीसारखं मुदतीने बदलायचं. आवाज इतका कमी की अंबादास म्हणायचा, ही मोटर नाही, सासरी नवी आलेली सून आहे.

आता त्या सुनेचं पहिलं तेल बदलायची वेळ आली होती. परीक्षितने फोनवर सरळ सांगितलं होतं, "काका, शनिवारी मी येतो. तेल तुम्ही बदला आणि मला पलीकडच्या काठापर्यंत नेऊन आणा. जमलं तर बोट तुमचीच. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. पाण्यातलं काम आहे, मला डोळेझाक करता येणार नाही."

दुसरा माणूस आला की अंबादासने जायचं कुठे, तेही ठरलेलं होतं. लेकीचं नाव पूर्वी. ती गुडगावला कॉल सेंटरमध्ये होती. तेराव्या मजल्यावरच्या तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. "बाबा, खूप केलंत यार, आता आराम करा ना. बिल्कुल टेन्शन नाही," असं ती मनापासून म्हणायची. तिच्या खिडकीतून क्रेनी दिसायच्या, अर्धे बांधलेले टॉवर दिसायचे, धूळ दिसायची. थेंबभर पाणी दिसायचं नाही.

शनिवारी सकाळी वजिराबादच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, यमुनेच्या धक्क्यापाशी, दोघं लवकरच पोचली. डॉक्टरांनी त्याला पाण्यापाशी एकटं सोडू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून अलकनंदा सोबत आली होती. पण अंबादासने वाटेतच अट घातली.

"साहेबांची गाडी दिसली की तू लांब झाडाखाली जाऊन बस. सगळं माझं मी केलं असं दिसलं पाहिजे."

"आणि ते येईपर्यंत?"

"ते येईपर्यंत माझा डावा हात तू."

"म्हणजे काम माझं आणि नाव तुमचं," अलकनंदा म्हणाली. "चला. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवीन काय त्यात."

आधी त्याने मोटर थोडा वेळ चालवली. तेल कोमट झालं म्हणजे पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडतं. मग ती बंद केली, वरचं झाकण काढलं, तेल भरायचं बूच सैल केलं. मोटर तिरकी करून खालच्या बोल्टला उजव्या हाताने पाना लावला. बोल्ट सुटेना. डाव्या हाताने मोटर धरायला हवी होती आणि डावा हात मांडीवर मांजरासारखा पडून होता. अलकनंदाने न सांगता दोन्ही हातांनी मोटर धरली. बोल्ट सुटला, आणि काळं तेल खाली धरलेल्या परातीत उतरायला लागलं.

"माझी परात!" ती म्हणाली. "जुनी आणा म्हटलं होतं."

"हीच जुनी आहे."

"ही जुनी? हिच्यात पूर्वीच्या बारशाची कणीक मळली होती मी."

"म्हणजे जुनीच की."

शेवटचा थेंब गळेपर्यंत दोघांनी वाट पाहिली. पलीकडे वाळूत खरबुजांचे वेल पसरले होते. अंबादासने बोल्टला नवा वायसर घातला, बोल्ट आवळला, मोटर सरळ उभी केली आणि नरसाळं लावलं. अलकनंदाने डबा तिरका केला. मधासारखं नवं तेल सावकाश आत गेलं. त्याने तेल मोजायची पट्टी पुसून आत घातली, बाहेर काढून उन्हात धरली. तेल बरोबर वरच्या खुणेखाली होतं.

"झालं," तो म्हणाला. मग परातीतलं काळं तेल रिकाम्या डब्यात ओतायला वळला. ते नदीत सोडायचं नसतं. बांधकामावरचे शटरिंगवाले ते फळ्यांना फासायला नेतात. त्या वर्षांत दिल्लीच्या चारी बाजूंना बांधकामंच बांधकामं होती, जळक्या तेलालाही गिऱ्हाईक होतं.

अलकनंदा नरसाळं हातात घेऊन उभी राहिली. ती तेलघाणेवाल्याची लेक. तिच्या वडिलांच्या दुकानात माप भरलं म्हणजे काम संपायचं नाही. माप भरलं की त्यावर एक धार घालायची. धार न घालता तेल दिलं तर देणाऱ्याच्या घरी बरकत राहत नाही, असं ते म्हणायचे. लहानपणापासून तिने ती धार बघितली होती. दूध, तेल, तांदूळ, काहीही देताना तिचा हात खुणेपाशी थांबायचाच नाही. आणि आज तर नवऱ्याच्या नव्या मोटरीचं पहिलं तेल होतं. डब्यात चांगलं निम्मं उरलं होतं. तिने डोळे मिटून ग्रामदेवतेला हात जोडले आणि धार सोडली. धार जरा लांबली. डबा हलका झाला.

अंबादासने ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. खाडीतला नियम त्याच्या अंगात मुरलेला होता: तेल जास्त झालं तर नुसता धूर होतो, कमी पडलं तर मोटर जाते, म्हणून तेलाला हात आखडू नये. तो नियम जुन्या मोटरींचा, हे त्याला माहीत होतं. पण ती धार कुणासाठी चाललीय हेही त्याला कळत होतं. दवाखान्यात ती त्याला पेजेचा चमचा भरवायची तोही असाच काठोकाठ असायचा. तो परातीतलं तेल ओतत राहिला.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. अलकनंदा बूच लावून झाडाखाली गेली.

परीक्षित पँट दुमडून बोटीत उतरला. "अरे वा काका, आधीच करून बसलात? मी बघायला आलो होतो ना."

"सकाळचं ऊन बरं असतं, साहेब."

"चलो, दोरी ओढा."

अंबादासने उजव्या हाताने दोरी ओढली. मोटर लागली. सून आधी खाकरली, मग अडखळली, आणि मग तिने असा काही धूर सोडला की परीक्षित, बोट आणि धक्का सगळे निळसर झाले. काठावरचे बगळे उडाले.

"बंद करा! बंद करा, काका!"

मोटर बंद झाली. धूर पाण्यावर लोळत राहिला. परीक्षितने झाकण उघडलं, पट्टी काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर, दांडीपर्यंत चढलेलं होतं. त्यात फेस होता.

"किती घातलंत?"

'मापाचंच घातलं होतं, कसं झालं कोण जाणे' एवढं म्हणणं सोपं होतं. झाडाखालची बाईही तोंड उघडणार नव्हती. तिला लांब बसायला त्यानेच सांगितलं होतं. तेराव्या मजल्यावरची खिडकी त्याला स्वच्छ दिसली.

पण अलकनंदा तोवर धक्क्यावर आली होती, पदराने नाकावरचा धूर वारत. "साहेब, ते माझ्या हातून झालं. यांचं माप बरोबर होतं. मी वर धार घातली." मग धुराकडे बघून तिला राहवेना. "तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं!"

"थांब गं," अंबादास म्हणाला. "साहेब, हिने घातलं ते मी बघत होतो. अडवलं नाही. आणि दुसरं सांगतो. बोल्ट सोडताना मोटर हिने धरली, डबा हिने धरला. माझा डावा हात अजून काही धरत नाही. तुम्हाला दिसू नये म्हणून हिला लांब बसवलं होतं."

परीक्षितने पट्टीवरचा फेस पुसून टाकला. "मोटर गेली नाही," तो म्हणाला. "लगेच बंद केली म्हणून वाचली. जास्तीचं काढा, प्लग पुसा. काकू, या तुम्ही बोटीत. लपून मदत नको."

मग तिघांनी मिळून काम केलं. अंबादासने बोल्ट जरासा सैल केला, तेल बारीक गळू दिलं, पुन्हा आवळला, पट्टी बघितली, पुन्हा सैल केला. "अगं, धर," तो दर वेळी मोठ्याने म्हणायचा, आणि ती धरायची. प्लग काढून पुसले. पट्टीवर तेल खुणेशी आलं तेव्हा अलकनंदाने डबा स्वतःच दूर सारला.

"अति तिथं माती," परीक्षित हसत म्हणाला.

"माती नाही साहेब, धूर," ती म्हणाली.

"काका, मला तुमच्या हाताची भीती नव्हती," परीक्षित हात पुसत म्हणाला. "भर पाण्यात हात अडला आणि तुम्ही मला सांगितलंच नाही तर काय, याची होती. आता सांगितलंत. बोट तुमचीच. पण हाताला डॉक्टर बरा म्हणेपर्यंत एकटं जायचं नाही. बोटीवर कायम दुसरा माणूस हवा, पगारी. मी ऑफिसला सांगतो."

"आणि आज?"

"आज काकू आहेत की. पोहता येतं ना, काकू?"

"खाडीकाठची आहे मी. यांना पोहायला मीच शिकवलं."

"खोटं," अंबादास म्हणाला, पण साहेबांकडे न बघता.

"मी इथूनच बघतो," म्हणत परीक्षित काठावर उतरला. अंबादासने दोरी ओढली. थोडा धूर आला, विरला, आणि मोटर तिच्या नेहमीच्या हलक्या सुरात गुणगुणायला लागली. त्याने उजव्या हाताने दांडा धरला. बोट धक्क्यापासून सुटली. दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण त्याच्या बोटीत अलकनंदा आज पहिल्यांदा बसली होती. ती समोर, त्याच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी कडा धरून.

मधल्या धारेत आल्यावर अंबादास म्हणाला, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

सुरुवात कुठून करावी त्याला कळेना. सरळ झालेल्या तोंडापासून, परत आलेल्या पायापासून, की ऑटो थांबवायला रस्त्यात आडव्या उभ्या राहिलेल्या तिच्यापासून.

"सगळंच," तो म्हणाला.

"पुढं बघा, पुढं. वाळू लागेल."

त्याने दांडा वळवला.