राँग नंबर

मी फोन बोलतोय, पण जरा हळू बोलतोय. सवयच लागली आहे. माझी रिंग कायम बंद ठेवलेली, मी नुसता थरथरतो. त्यातली निम्मी थरथर भीतीची असते, हे कुणाला सांगू?

दुकानात होतो तेव्हा वाटायचं, एखाद्या कॉलेजच्या पोराच्या खिशात जाऊ, गाणी ऐकू, मजा मारू. कसलं काय! मला आणलं ते थेट दवाखान्याच्या मागच्या खोलीत. इथे एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे. जगणं नकोसं झालेल्या तरुण मुलामुलींना तिचा उपयोग होतो का, ते बघायचंय. पण या विषयावर मुलं तोंड उघडतील तर शपथ! म्हणून माझा नंबर कॉलेजातल्या स्वच्छतागृहांच्या दारांना आतून चिकटवला.

मला सांभाळतात त्या ताई. चाचणीसाठी मुलं मिळवणं हे त्यांचं काम. मुलं फोन लावतात आणि गप्प बसतात. मग ताई म्हणतात, "मी आहे इथे. घाई नाही." चाचणीत याच, असा आग्रह त्या कुणालाच करत नाहीत. नको म्हणणाऱ्यालाही डॉक्टरांची गाठ घालून देतात. पण घरी कळलं तर? ही धास्ती प्रत्येकाला. म्हणून ठरलं की मुलांनी मिस्ड कॉल द्यायचा आणि ताईंनी लगेच लावायचा. भलत्याच कुणी उचलला, तर "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचा.

फोन करणाऱ्यांत एक मुलगी होती, तिचं चाचणीत यायचं जवळपास ठरलं होतं. एकोणीस वर्षांची, आवाज इतका बारीक की मी कान टवकारून ऐकायचो. "ताई, सोमवारी नक्की येते. पण बाबांना कळलं ना, तर मी संपले."

शनिवारी तिचा मिस्ड कॉल आला. ताई बाहेर दुसऱ्या एका मुलाची समजूत घालत होत्या. मी थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकलो, पण ऐकायला कोण होतं? ताई बऱ्याच वेळाने आल्या, माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईत फोन लावला.

"हॅलो, कोण?" पुरुषाचा जाड आवाज.

"सॉरी, राँग नंबर," म्हणून ताईंनी ठेवला.

लगेच तिकडून फोन! आता शिव्या बसणार, असं मी धरूनच चाललो.

"ठेवू नका हो, मॅडम," तिचे बाबा म्हणाले. "पोरीनेच घरच्या या फोनवरून तुम्हाला फोन लावलेला दिसतोय. ती दार लावून बसते, धड जेवत नाही. मी ओरडणार नाही तिला. फक्त सांगा, काय झालंय?"

ताईंनी मला दुसऱ्या कानाला लावलं. सांगावं, तर मुलीला दिलेला शब्द मोडतो. न सांगावं, तर या माणसाने करायचं काय?

"काका, खरंच राँग नंबर आहे," ताई कशाबशा म्हणाल्या.

आज सोमवार. ती आली नाही. मिस्ड कॉलही नाही. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत वाट बघू, मग काय ते ठरवू. ताईंनी जेवणाचा डबा उघडलेला नाही. माझ्या मनात तर नको नको ते येतंय.

काका, पुन्हा मला फोन लावू नका. मी खोटंच बोलणार, मला तेवढंच शिकवलंय. तुम्ही तिच्या दाराशी जा. जे मला म्हणालात, ते तिला ऐकू जाईल असं म्हणा. पण आत्ता जा.