दोघांनी विकलेल्या गाड्या

मी हॉस्पिटलात नर्स आहे. गोळी घेतली म्हणून थाप मारणारा पेशंट मला नुसत्या चेहऱ्यावरून कळतो. घरातला कळला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आमचे हे विज्ञानाचे मास्तर. सहा महिन्यांपूर्वी यांनी गल्लीतल्या गाड्या कमी करायचं मनावर घेतलं. "धूर आपणच सोडायचा आणि उन्हाळा वाढला म्हणून आपणच बोंबलायचं?" ते खरंच होतं, मलाही पटलं. म्हणाले, "आधी आपण. तू तुझी वीक, मी माझी विकतो."

माझी गाडी मी माझ्या पगारातून घेतलेली. विकली, आणि ड्युटीला चालत जाऊ लागले. यांची यांच्या धाकट्या बहिणीनं घेतली, दोन गल्ल्या पलीकडे. हे सायकलवर शाळेत जायला लागले. अकरा किलोमीटर, या वयात! मी मैत्रिणींना कौतुकानं सांगत सुटले.

काल सभा होती. चाळीस घरं गाडी सोडतो म्हणून सह्या करणार होती आणि आम्ही दोघांनी स्टेजवरून त्यांना आमचं सांगायचं होतं. मी डबल ड्युटी करून आलेले, पाय सुजलेले. नणंद म्हणाली, "वहिनी, चला, मी सोडते." गाडी सोडा म्हणायला गाडीतून! हसतच बसले.

नणंद बुटकी. सीट पुढं ओढता ओढता करवादली, "दादाला शंभरदा सांगितलं, संध्याकाळी गाडी ठेवताना सीट पुढं करून ठेव म्हणून. माझे पाय पोचतात का ब्रेकला?"

आणि तिनं जीभ चावली.

"रोज नेतात?" मी विचारलं.

"अहो, शाळा लांब पडते ना त्याला. सायकल माझ्याकडं लावतो. वहिनी, माझं नाव सांगू नका हं."

सभेत यांनी छान भाषण केलं. टाळ्या पडल्या. मग माइक माझ्या हातात दिला, "आता हिच्या तोंडून ऐका."

"सह्या करा," मी म्हणाले. "गाड्या खरंच कमी व्हायला हव्यात. मी उद्याही चालतच जाणार. पण हा माणूस रोज बहिणीच्या घरून गाडी काढून शाळेत जातो."

हे पुटपुटले, "अगं, घरी बोलू."

घरी काय बोलणार? सहा महिने रोज संध्याकाळी, सायकल मारून दमला म्हणून, मी याच्या पोटऱ्या चेपल्या. दिवसभर चालून आलेली मी! आणि हा पाय पसरून चेपून घेत होता.